पेशंटबरोबर कोण आहे?

कॅन्सरच्या कुठल्याही वॉर्डात दिवसातून कितीतरी वेळा एकच हाक ऐकू येते : ‘पेशंटबरोबर कोण आहे?’ हाक आली की खाटेखालची पिशवी सावरत कुणीतरी उठतं. बायको, सून, आई, कधी थोरला मुलगा, कधी बारावीचं वर्ष बुडवून आलेली मुलगी. हातात चिठ्ठी पडते. औषध आणा, रिपोर्ट आणा, खाली पैसे भरा. चिठ्ठीवर पेशंटचं नाव, वय, नोंदणी क्रमांक, सगळं असतं. ती घेऊन जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्याचं नाव रुग्णालयाच्या कागदांत बहुतेक एकाच ठिकाणी येतं, संमतीपत्रावरच्या सहीखाली. जबाबदारी घ्यायला तो लागतो, बाकी त्याची दखल नाही.

मला म्हणायचं आहे ते एवढंच : कॅन्सरच्या रुग्णाची घरी केली जाणारी शुश्रूषा हे काम आहे. त्याला शिकवणी लागते, बदली माणूस लागतो, सुट्टी लागते, पैसा लागतो. आपण मात्र त्याला प्रेम म्हणतो, कर्तव्य म्हणतो, फार तर पुण्य म्हणतो. एकदा पुण्य म्हटलं की व्यवस्था लावायची गरज उरत नाही. करणाऱ्याची स्तुती केली की भागतं. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांनी तरी असं करू नये. ऊस, दूध, पाणी, पतपुरवठा या प्रत्येक गोष्टीत एकट्यादुकट्याचं ओझं दहा जणांत वाटून घ्यायची घडी इथे बसलेली आहे. आजारी माणसाचं ओझं तेवढं अजून एका घरावर, आणि त्या घरातही बहुधा एका बाईवर आहे.

प्रश्न किती मोठा आहे? २०११ च्या जनगणनेत या दोन तालुक्यांची लोकसंख्या मिळून आठ लाखांवर होती. राष्ट्रीय कर्करोग नोंदणीच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली देशात चौदा लाख साठ हजारांच्या वर नवे रुग्ण आढळले. म्हणजे लाखामागे साधारण शंभर. ग्रामीण भागातला दर याहून कमी असतो हे धरलं, तरी या दोन तालुक्यांत दरवर्षी काही शे घरांत ‘मोठा आजार’ शिरतो. जुने रुग्ण वेगळेच. म्हणजे एखाद्या लहान गावाएवढी माणसं इथे कायम कुणाच्या तरी उशाशी बसलेली असतात, आणि त्यांची यादी ना पंचायत समितीकडे आहे ना आरोग्य केंद्राकडे.

उपचारांसाठी अजूनही बरेच जण पुण्याला, बार्शीला, नाहीतर थेट परळला टाटाला जातात. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याआधीपासून ‘सिल्व्हर ज्युबिली’ उपजिल्हा रुग्णालय आहे. पण कॅन्सरचा उपचार एका फेरीत संपत नाही. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला शेक (रेडिएशन) द्यायचे तर आठवड्यातले पाच दिवस, असे सहा-सात आठवडे. बारामतीहून पुणे शंभर किलोमीटर, इंदापूरहून एकशेचाळीसच्या घरात. रोज जाऊन-येऊन करणं अशक्य, म्हणून खोली घ्यायची. रुग्णाबरोबर सोबत्याचाही मुक्काम दीड महिना शहरात पडतो. रुग्णाचा उपचार सरकारी योजनेत बसतो. सोबत्याची बुडालेली मजुरी, खोलीचं भाडं, मागे राहिलेल्या लेकरांचं जेवण कशातच बसत नाही.

आणि मागे गोठा असतो. इंदापूरकडचं एखादं घर धरून चालू. चार एकर, दोन-तीन गाई. घरधन्याला तोंडाचा कॅन्सर, जबड्याचं ऑपरेशन झालेलं, नाकातून नळी. बाई पहाटे चारला उठते. धारा काढून दूध डेअरीला जातं, कारण गाईला कॅन्सर कळत नाही. दोन वेळा पिळावीच लागते. मग भाताची पेज गाळून, दूध घालून, पुन्हा गाळून, सिरिंजने नळीतून सोडायची. डोकं उंच ठेवायचं, घाई करायची नाही, शेवटी पाणी सोडून नळी धुवायची. एखादा कण अडकला की नळी बंद, आणि नळी बंद म्हणजे पुन्हा गाडी करून दवाखाना. दुपारी जखमेची पट्टी. रात्री शेतीपंपाच्या विजेची पाळी असली की मुलगा दारं धरायला रानात, आणि घरात ती एकटी. नवऱ्याला ठसका लागला तर काय करायचं हे तिला कुणी सांगितलेलं नाही. जे येतं ते तिने शेजारच्या खाटेवरच्या बाईला बघून उचललेलं आहे.

त्यातच भेटायला येणारे. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाण्याची रीत फार चांगली, पण ती राबवली जाते बघा कशी. पाहुणे बिस्किटाचा पुडा आणि सफरचंदं घेऊन येतात. ज्याच्यासाठी आणली त्याला गिळता येत नसतं. ‘अमक्या गावाला झाडपाला देतात, आमच्या साडूला गुण आला’ असं सांगतात. ‘काळजी घ्या हं’ म्हणतात. आणि या सगळ्यांचा चहा तीच करते. जाता जाता दारात कुणीतरी हळू आवाजात बजावतं, ‘त्यांना सांगू नका बरं का, खचतील.’ म्हणजे आजाराबरोबर आजाराचं गुपितही तिच्याच पदरात. नवरा विचारतो, ‘डॉक्टर काय म्हणाले?’ ती म्हणते, ‘जखम भरतीय म्हणाले.’ शरीराच्या कष्टापेक्षा हे खोटं जास्त थकवतं.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातल्यांची बिनमोल देखभाल करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी १३७ मिनिटं त्यात जात होती, पुरुषांची ७५. हा आकडा लेकरं सांभाळण्यासकटचा आहे. कॅन्सरच्या घरात फरक मिनिटांच्याही पलीकडचा असतो. पुरुष फाइल सांभाळतो, बाई शरीर सांभाळते. फाइल सांभाळणंही सोपं नाही. कर्ज काढणं, गाडी बघणं, योजनेच्या खिडकीपाशी उभं राहणं, रात्री डोक्याला हात लावून हिशेब करणं, आणि हे सगळं करताना पुरुषाने रडायचं नाही हा आणखी एक दंडक. पण फाइल संध्याकाळी बंद करून ठेवता येते, आजारी शरीर ठेवता येत नाही. आणि आजारी पडलेली बाईच असेल तर? मग पुष्कळदा तिची आई येते, बहीण येते, नाहीतर मुलीची शाळा थांबते.

या भागाला कॅन्सर अनोळखी नाही. इथल्या सर्वांत मोठ्या नेत्याने तो सोसला आहे. शरद पवारांवर २००४ साली, ऐन लोकसभा निवडणुकीच्या दिवसांत, तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली. पुढे तंबाखू-गुटख्याविरुद्ध ते स्वतःचं उदाहरण देऊन जाहीर बोलत आले. बारामतीत आजही एखाद्याला धीर द्यायचा तर ‘साहेबांकडे बघा’ म्हणतात. ही जिद्द खरी आहे आणि तिने अनेकांना उभं केलं आहे. पण जिद्दीच्या गोष्टीला एक मर्यादा असते. तिच्यात लढणारा एकच आणि शेवट विजयाचा. जो बरा होणार नाही, त्याच्या घराला त्या गोष्टीतून काय मिळणार? त्या घराला धीर नको असतो असं नाही, पण त्याआधी मंगळवारी दुपारी तीन तास बसायला माणूस हवा असतो.

सरकारने काहीच केलं नाही असंही म्हणता येणार नाही. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना पुढच्या वर्षी राज्यभर गेली, मग महात्मा फुले जनआरोग्य योजना झाली आणि आता पाच लाखांपर्यंतचं संरक्षण देते. ऑपरेशन, किमो, शेक यांचा मोठा भार तिने उचलला; ती नसती तर कितीतरी जमिनी विकल्या गेल्या असत्या. पण ती रुग्णालयाच्या दारापर्यंत. संजय गांधी निराधार योजनेत कॅन्सरच्या रुग्णाचा समावेश आहे, महिन्याला पंधराशे रुपये. मात्र कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आत हवं. महिन्याला पावणेदोन हजारांत राहणारं घर कागदावरच सापडायचं. सोबत्याला सरळ सरळ ओळखणारा नियम मला रेल्वेत सापडतो : उपचाराला निघालेल्या कॅन्सरच्या रुग्णाबरोबरच्या एका माणसालाही भाड्यात सवलत मिळते, स्लीपरला पंच्याहत्तर टक्के. रुग्ण एकटा प्रवास करू शकत नाही ही साधी गोष्ट रेल्वेला कळली. गाडीतून उतरून घरी गेल्यावरही तो एकटा राहू शकत नाही, हे आरोग्य खात्याला कळायला काय हरकत आहे?

सोबत्याच्या हालांचं एक मोठं कारण रुग्णाच्या वेदनेत आहे. कळवळणाऱ्या माणसाशेजारी कुणाला झोप येते? पेशंट शांत झोपला तर घर झोपतं. यावर स्वस्त आणि जुनं औषध आहे, मॉर्फिन. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने ते एवढं कडीकुलपात गेलं की डॉक्टरांनी त्याचा नादच सोडला. २०१४ मध्ये कायदा बदलला, मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणं सोपं झालं. तरीही तालुक्याच्या गावी मॉर्फिनची गोळी सहज मिळत नाही, आणि मिळाली तर घरचेच बिचकतात, सवय लागेल म्हणून. ज्याचे दिवस मोजके राहिलेत त्याला सवय लागण्याची भीती आणि वेदनेची भीती नाही, असा उलटा हिशेब आपण मांडतो. बारामतीच्या शासकीय महाविद्यालयाने वेदनाशमनाचा नियमित बाह्यरुग्ण विभाग चालवला, तिथे गोळी आणि ती कशी द्यायची याची शिकवणी दोन्ही मिळाली, तर शेकडो घरांच्या रात्री बदलतील.

शिकवणीचं उदाहरण पुण्यातच आहे. वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र मोफत चालतं. तिथे रुग्णाबरोबर घरचं एक माणूस राहतं आणि त्याला जखम कशी धुवायची, कूस कशी बदलायची, नळीतून काय घालायचं हे शिकवून घरी पाठवतात. कुजलेल्या जखमेच्या वासावर मेट्रोनिडॅझोलची पूड लावली की वास कमी होतो, एवढी एक गोष्ट कळली तरी घरातली माणसं पुन्हा रुग्णाच्या जवळ बसू लागतात. ज्ञान एवढंसं, पण ते न मिळाल्यामुळे माणूस आपल्याच घरात पडवीत एकटा पडतो.

केरळने हे काम रुग्णालयाच्या बाहेर काढलं. १९९३ साली कालिकतला डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचा दवाखाना सुरू केला. पुढे गल्लीतल्या स्वयंसेवकांना शिकवून घरोघरी पाठवलं. २००८ मध्ये राज्याने धोरण केलं आणि पंचायतींनी नर्स नेमून घरभेटी सुरू केल्या. अंथरुणाला खिळलेल्याची पूर्णवेळ देखभाल करणाऱ्याला तिथे ‘आश्वासकिरणम्’ योजनेत महिन्याला सहाशे रुपये ठरवले. सहाशेत काय होतं, असं कुणीही विचारेल. पण ते पैसे रुग्णाच्या नावाने नाहीत, सांभाळणाऱ्याच्या नावाने आहेत. जर्मनीने १९९५ पासून देखभालीचा विमाच उभारला आणि घरच्या माणसालाही त्यातून मोबदल्याची सोय केली. ब्रिटनने २०२४ पासून नोकरदाराला आप्ताच्या देखभालीसाठी आठवडाभराच्या बिनपगारी रजेचा हक्क दिला. आपल्या एमआयडीसीतल्या कामगाराला बायकोच्या किमोसाठी रजा मागताना अजूनही सुपरवायझरच्या मर्जीकडे बघावं लागतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : ‘घरच्यांनी नाही करायचं तर कुणी करायचं? आपली संस्कृती काय सांगते?’ घरच्यांनी करू नये असं कोण म्हणतंय? घरच्यांना ते नीट करता यावं, म्हणून तर हा खटाटोप. थकून गेलेली, झोप न झालेली, चिडलेली बाई सेवा करते तेव्हा रुग्णाला तिचा त्रागाच जास्त जाणवतो, आणि नंतर आयुष्यभर तिला तो आठवतो. संस्कृती जपायची तर तिला आठवड्यातून एक दुपार झोपू द्या.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. परका माणूस घरात कसा चालेल? लाज असते, जातीपातीचा संकोच असतो, घरातलं बाहेर जाईल ही धास्ती असते. मान्य. पण शेतकऱ्याच्या घरात मदत म्हणजे रुग्णाला हात लावणंच असं कुठे आहे? गाईला हात लावा. संध्याकाळची धार काढा. रात्रीची पाण्याची पाळी तुम्ही धरा, म्हणजे मुलगा घरी झोपेल. लेकरांचा डबा करा. तहसील कचेरीत आणि योजनेच्या खिडकीवर तुम्ही उभे राहा. भेटायला जाताना चहा थर्मासमध्ये घेऊन जा. खोलीत शिरायची गरज नाही, तरी निम्मं ओझं उतरतं.

कुणी म्हणेल, हे शेजारधर्मावर सोडा, गाव बघतं. पहिले पंधरा दिवस बघतं. कॅन्सर आठ-आठ महिने, दोन-दोन वर्षं चालतो. एकमेकांचं रान मिळून नांगरायच्या इर्जिकीला गाव लोटायचं, कारण काम एका दिवसात उरकायचं. आणि ट्रॅक्टर आल्यावर तीही गेली. नुसता चांगुलपणा लांब पल्ल्याला पुरत नाही, त्याला पाळीपत्रक लागतं. नीरा डाव्या कालव्याचं पाणी शेवटच्या शेतकऱ्याला मिळतं ते वरच्याच्या दयेवर नव्हे, पाळी लावलेली असते म्हणून, तसंच हे.

तिसरा आक्षेप पैशाचा. इथे मला हसू येतं. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, एवढे कारखाने या दोन तालुक्यांत. उसाच्या बिलातून टनामागे कपात करायची रीत आपल्याला नवी नाही. शाळा, देवळं, निधी, कशाकशासाठी कपात झाली आहे. हिशेब साधा आहे. दहा लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्याने टनाला एक रुपया ठेवला तर वर्षाला दहा लाख रुपये होतात. त्यात दोन नर्सचे पगार आणि एका गाडीचं डिझेल बसतं. एक गाडी आणि दोन नर्स आठवड्याला किती घरांचा उंबरा चढतील, याचा विचार संचालकांनी करून बघावा. सभासदाला टनाला रुपया गेल्याचं कळणारही नाही.

शेजारच्या बार्शीने यापेक्षा कठीण काम करून दाखवलं आहे. तिथल्या कॅन्सर रुग्णालयाने टाटाच्या साथीने १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. गावोगावी दप्तर नसल्यामुळे माणसं घरोघरी फिरली, लोकांशी बोलली, आणि नोंदवता नोंदवता गावंही शिकली. रुग्ण मोजायला घरोघरी जाता येतं, तर त्याला सांभाळणाऱ्याची चौकशी करायलाही जाता येईल. आशाताई आजही तिशीवरच्या माणसांचे फॉर्म भरायला दारात येतातच. त्या फॉर्ममागे एक ओळ वाढवता येईल : या घरात अंथरुणावर कुणी आहे का, आणि त्याला कोण बघतं? मात्र आशाताईंच्या तुटपुंज्या मानधनावर आणखी एक फुकटचं काम लादून हे साधू नये. एका बिनमोल राबणाऱ्या बाईचं ओझं दुसरीच्या डोक्यावर देणं म्हणजे सुधारणा नव्हे.

सांभाळणाऱ्याचा प्रश्न रुग्ण गेल्यावरही संपत नाही. दहावं-तेरावं होतं, पाहुणे पांगतात, आणि वर्षभर पहाटे चारला उठणारी बाई पंधराव्या दिवशीही चारलाच जागी होते, करायला काही नसताना. कर्जाचे हप्ते तेवढे उभे असतात. तेव्हा तिच्याकडे यायला कुणाकडेच कारण नसतं, आणि म्हणूनच नर्सची एक भेट त्यानंतरही ठरवलेली असावी.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर होतात. विषयपत्रिकेत शेवटी नेहमीचं कलम असतं, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. कारखान्याचा, दूध संघाचा, गावच्या सोसायटीचा सभासद म्हणून तुम्ही त्या सभेला जाल, तेव्हा उठून एवढाच ठराव मांडा : आपल्या कार्यक्षेत्रात कॅन्सरचे रुग्ण सांभाळणाऱ्या घरांची यादी करावी, त्यांच्यासाठी एक नर्स नेमावी आणि गावात मदतीची पाळी लावावी. अनुमोदनाला शेजारचा हात वर करील. कारण त्याच्याही भावकीत असं एक घर आहे.